शालेय जीवन आणि क्रीडा कारकीर्द : मुंबईच्या शालेय क्रिकेटच्या संदर्भात

प्रस्तावना :
क्रीडापटूच्या यशाची मीमांसा करताना जन्मजात गुणवत्तेवर भर दिला जातो. तथापि या गुणवत्तेला आकार देणारी स्पर्धा, मार्गदर्शन आणि सराव या बाबी बहुसंख्य खेळाडूंना प्रथम शालेय वयातच लाभतात. शालेय जीवन क्रीडा कारकिर्दीला काय देते व काय देऊ शकत नाही, हे मुंबईच्या शालेय क्रिकेटच्या आधारे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

शाळेचे योगदान :
मुंबईतील हॅरिस शील्ड व गाइल्स शील्ड या आंतरशालेय स्पर्धांना शंभर वर्षांहून अधिक काळाची परंपरा आहे. एकाहून अधिक दिवस चालणाऱ्या सामन्यांमुळे खेळपट्टीवर दीर्घकाळ टिकून राहण्याची सवय येथे लागते. सचिन तेंडुलकर यांनी प्रशिक्षक रमाकांत आचरेकर यांच्या सल्ल्यानुसार वांद्रे येथील शाळा सोडून दादरच्या शारदाश्रम विद्यामंदिरात प्रवेश घेतला. प्रवासाचा वेळ वाचावा म्हणून ते शिवाजी पार्कजवळ काका-काकूंकडे राहू लागले. शाळा, मैदान व प्रशिक्षक एकाच परिसरात आल्याने सरावाला भरपूर अवधी मिळाला. अर्थात, शाळेच्या योगदानामागे कुटुंबाचा त्यागही उभा असतो.

एक संघ, तीन वाटा :
फेब्रुवारी 1988 मध्ये आझाद मैदानावर हॅरिस शील्डच्या उपांत्य सामन्यात तेंडुलकर (नाबाद 326) व विनोद कांबळी (नाबाद 349) यांनी 664 धावांची अभेद्य भागीदारी केली. पुढचे फलंदाज अमोल मुजुमदार पॅड बांधून बसले होते. त्यांची पाळी आलीच नाही. तेंडुलकर 1989 मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी कसोटी खेळले आणि त्यांची कारकीर्द 2013 पर्यंत चालली. कांबळी यांनी 1993 मध्ये लागोपाठ दोन कसोटी द्विशतके झळकावली, मात्र 54.20 ही धावांची सरासरी असूनही 17 कसोटींनंतर, 1995 मध्ये त्यांची कसोटी कारकीर्द थांबली. मुजुमदार यांनी प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये 11 हजारांहून अधिक धावा केल्या. परंतु भारतीय संघात त्यांना स्थान मिळाले नाही. 2025 चा एकदिवसीय विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाचे ते मुख्य प्रशिक्षक होते.

विवेचन :
शाळा, प्रशिक्षक व स्पर्धा समान असूनही परिणाम भिन्न झाले. यावरून शाळा पाया घालते, भवितव्य ठरवत नाही, हे दिसून येते. संघातील रिक्त जागा, समकालीनांची स्पर्धा, निवड समितीचे धोरण आणि यशानंतरचा आधार हे घटक शालेय धावफलकात दिसत नाहीत. त्याचप्रमाणे, शाळेत रुजलेली खेळाची समज निवड न झाल्याने वाया जात नाही. ती प्रशिक्षणासारख्या क्षेत्रात दीर्घकाळानंतरही फलद्रूप होऊ शकते.

निष्कर्ष :
शालेय खेळाडू महाविद्यालयात येतो तेव्हा हीच अनिश्चितता त्याच्यासमोर असते. त्याच्या जुन्या विक्रमांवरून त्याचे भाकीत करणे किंवा केवळ पदकांसाठी त्याला प्रवेश देणे अपुरे आहे. सामन्यांमुळे बुडालेल्या तासिकांची भरपाई, परीक्षांबाबत लवचिकता आणि पंचगिरी, प्रशिक्षण, शारीरिक शिक्षण यांसारख्या पर्यायांची वेळीच ओळख ही प्राध्यापकांची जबाबदारी ठरते. देशाच्या संघात मोजक्यांनाच स्थान मिळते. उर्वरित खेळाडूंचे शिक्षण अर्धवट राहू नये, याची काळजी महाविद्यालयानेच घ्यावयास हवी.