लिहिले, पण चकतीवर पोचले का?

संगणकावर दिवसाचा हिशेब भरला, 'सेव्ह'ची कळ दाबली, काम झाले असे पडद्यावर दिसले आणि त्याच क्षणी वीज गेली. हिशेब राहिला की गेला? २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या भागात हा प्रश्न काही पुस्तकी नव्हता. उत्तरासाठी संगणकाच्या कार्यप्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, डोकवावे लागते.

चुंबकीय चकती मिनिटाला ७२०० फेरे घेते, असे धरा. एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा लेखनशीर्षाखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा. शीर्ष योग्य वर्तुळावर नेण्यास आणखी ८-९ मिलिसेकंद. एकूण झाले सुमारे १३. चार किलोबाइटचे हजार तुकडे विखुरलेल्या जागी लिहायचे तर १३ सेकंद हवेत! तेच तुकडे सलग असतील तर सेकंदाला १०० मेगाबाइट या वेगाने एका सेकंदाचा पंचविसावा भागही पुरतो. म्हणजे वेळ जातो तो लिहिण्यात नव्हे, धावपळीत.

आता कल्याणहून माल पोचवणारा एक टेम्पो डोळ्यांपुढे आणा. पहिली चिठ्ठी उल्हासनगरची, दुसरी बदलापूरची, तिसरी पुन्हा उल्हासनगरची, चौथी अंबरनाथची. चिठ्ठी येईल तसा टेम्पो पळवणारा चालक डिझेलच जाळील. शहाणा चालक चिठ्ठ्या साठू देतो, मग उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशा ओळीने जातो. उल्हासनगरातही कॅम्प १ ते ५ असा क्रम लावतो. एकाच दुकानाने मागणी तीनदा बदलली असेल, तर फक्त शेवटचीच पोचवतो.

कर्नेलही हेच करतो. तुमचा मजकूर तो आधी स्मृतीतील चार-चार किलोबाइटच्या पानांवर घेतो आणि 'झाले' म्हणून मोकळा होतो. चकतीवर न उतरलेल्या अशा पानांना 'डर्टी', म्हणजे मळकी, म्हणतात. (नाव फसवे आहे, खरे तर तीच सर्वांत ताजी असतात.) लिनक्समध्ये सर्वसाधारणपणे दर ५ सेकंदांनी एक कामगार जागा होतो आणि ३० सेकंदांहून जुनी मळकी पाने चकतीकडे रवाना करतो. अशी पाने उपलब्ध स्मृतीच्या दहा टक्क्यांवर गेली, तर तो वाट पाहत नाही; वीस टक्क्यांवर गेली, तर लिहिणाऱ्या प्रोग्रामलाच थांबवून धरले जाते. जुन्या युनिक्समध्येही दर ३० सेकंदांनी साठा उतरवण्याची रीत होती.

या वेगाची किंमत आहे तो अर्धा मिनिट. वीज गेली की स्मृती पुसते, आणि पाने जातात. त्याहून वाईट म्हणजे अर्धवट काम: फाइलचे नाव नोंदले गेले, पण तिच्या तुकड्यांची यादी राहून गेली. यावर उपाय म्हणून २००१ मध्ये लिनक्सच्या मुख्य कर्नेलमध्ये आलेल्या 'ईएक्सटी३' या फाइलव्यवस्थेत रोजनामा ठेवला जातो. बदल आधी रोजनाम्यात, शेवटी पूर्णतेची खूण, मग मूळ जागी. वीज परत आल्यावर खूण असलेल्या नोंदी पुन्हा राबवतात, बिनखुणेच्या टाकून देतात. मात्र रोजनाम्यात सहसा फाइलींची मांडणीच असते, तुमचा मजकूर नव्हे! घडी शाबूत राहते, शेवटच्या ओळी जाऊ शकतात.

म्हणून ज्याला खात्री हवी, त्या प्रोग्रामने 'एफसिंक' ही मागणी करावी लागते. तेव्हा मजकूर चकतीवर उतरल्याचे उत्तर आल्याखेरीज कर्नेल 'झाले' म्हणत नाही. हिशेबाचे चांगले प्रोग्राम प्रत्येक पक्क्या व्यवहाराला ही मागणी करतात, आणि म्हणूनच थोडे सावकाश चालतात. अनेक गिऱ्हाइकांचे व्यवहार गोळा करून एकाच 'एफसिंक'मध्ये उरकण्याची युक्तीही वापरतात, पुन्हा टेम्पोच!

हे प्रत्यक्ष पाहायचे असेल, तर लिनक्स असलेल्या संगणकावर शिक्षकांच्या मदतीने एखादी मोठी फाइल दिवा असलेल्या पेनड्राइव्हवर नकलून पाहा. नक्कल संपल्याचे पडद्यावर दिसेल, पण पेनड्राइव्हचा दिवा लुकलुकतच राहील. घड्याळ लावा आणि तो किती सेकंदांनी थांबतो ते मोजा. तोवर पेनड्राइव्ह उपटू नका.