वहीतले पुस्तक बाहेर कसे यावे?



गेल्या वर्षी आमच्या ओळखीच्या एका घरी आम्ही शिव्हाला बसायला गेलो होतो. गेलेल्या बाईंच्या कपाटात चार जाड वह्या सापडल्या. नवगावचे बालपण, घाण्यावरचे तेल, मलिद्याची तयारी, बोटीचा प्रवास, माबारातले पहिले दिवस, सारे सुवाच्य मराठीत लिहिलेले. नातवंडांनी पाने उलटली आणि आम्हालाच विचारले, "हे काय लिहिले आहे?" आम्ही वाचून दाखवत गेलो तसतशी ती मुले रडू लागली. आजी लिहीत होती हे त्यांना ठाऊकच नव्हते.

आपल्या समाजाला हे नवे नाही. माझगावच्या ज्या शाळेत आमच्यापैकी कित्येकजण शिकलो, ती 1875 साली सुरू करणारे हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी बेने इस्राएलांचा इतिहास 1897 साली लिहून काढला. तो छापून निघाला 1937 साली, तेल अवीवमध्ये. मध्ये चाळीस वर्षे गेली आणि छापलेले पुस्तक पाहायला केहिमकर हयात नव्हते. आपल्याजवळ चाळीस वर्षे नाहीत आणि मराठी वाचणारे घरोघरी कमी होत आहेत. म्हणून ज्यांच्या घरी अशी वही आहे त्यांच्यासाठी, आम्हाला अनुभवाने जे कळले ते क्रमवार सांगतो.

पहिली गोष्ट, पुस्तक कोणासाठी हे ठरवा. मराठी वाचणाऱ्या आपल्या पिढीसाठी, की हिब्रू वाचणाऱ्या नातवंडांसाठी? दोघांसाठी असेल तर दोन्ही भाषा एकाच पुस्तकात घालता येतात. मराठी डावीकडून उघडते, हिब्रू उजवीकडून, आणि दोन्ही मध्यावर भेटतात. अशा पुस्तकाला दोन मुखपृष्ठे लागतात, एवढेच. लिखाण झाले की घराबाहेरच्या दोन माणसांना वाचायला द्या. घरची माणसे कौतुक करतात. बाहेरचा माणूस "इथे कंटाळा आला" असे सांगतो, आणि तेच आपल्याला हवे असते. हयात माणसांविषयी काही नाजूक लिहिले असेल तर त्यांना आधी विचारा. आपला समाज लहान आहे, प्रत्येक जण ओळखला जातो.

दुसरी गोष्ट, टंकलेखन. मजकूर युनिकोडमध्येच टाईप करून घ्या. जुन्या फॉन्टमध्ये केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर गेला की रफार आणि जोडाक्षरे बिघडतात. हात थरथरत असेल तर मोबाईलवर बोलूनही मराठी टाईप होते. मात्र गावांची नावे आणि आपली -कर आडनावे एकेक अक्षर पाहून तपासा, यंत्राला केहीम आणि किहीम यातला फरक कळत नाही.

तिसरी गोष्ट, प्रकाशक. महाराष्ट्रातल्या प्रकाशकाकडे जायचे तर त्याची ग्रंथसूची आधी पाहा. जो फक्त पाठ्यपुस्तके काढतो त्याला आत्मचरित्र पाठवून उपयोग नाही. एका पानाचे पत्र, अनुक्रमणिका आणि दोन चांगली प्रकरणे पाठवा. मूळ वही कधीही पाठवू नका. उत्तराला काही महिने लागतात, नकार आला तर खचू नका, दुसरीकडे पाठवा. जो प्रकाशक स्वतःच्या खर्चाने छापतो तो लेखकाला विक्रीवर मानधन देतो. जो लेखकाकडून पैसे मागतो तो खरे तर छपाईची सेवा विकतो. त्यात वावगे काही नाही, पण मग आपण गिऱ्हाईक आहोत हे लक्षात ठेवून सारे लेखी विचारा: प्रती किती, कागद कोणता, बांधणी कशी, मुद्रिते किती वेळा दाखवणार, उरलेल्या प्रती कुठे राहणार, आणि छपाईची फाईल आम्हाला मिळणार का?

हे आम्ही ठेच खाऊन शिकलो. आमच्या पहिल्या छोट्या पुस्तकाच्या वेळी भारतातल्या एका छपाईवाल्याला आम्ही पाचशे प्रतींचे पैसे आगाऊ दिले आणि शेवटचे मुद्रित न पाहताच होकार कळवला. पुस्तके आली तेव्हा प्रार्थनांतले सगळे हिब्रू शब्द उलटे छापलेले, शेवटचे अक्षर आधी! मराठी जुळवणाऱ्याला हिब्रू उजवीकडून वाचतात हे कसे ठाऊक असणार? चूक आमचीही होती. जन्मभर मुलांना "पेपर देण्याआधी पुन्हा वाचा" म्हणून सांगितले आणि स्वतः वाचले नाही. तेव्हापासून हिब्रू भाग आम्ही इथेच जुळवून, पीडीएफ करून पाठवतो आणि मुद्रित कागदावर काढून नातवाकडून वाचून घेतो.

चौथी गोष्ट, प्रती. पुस्तकाची पाने सोळा-सोळाच्या फॉर्ममध्ये छापतात, म्हणून 96 किंवा 112 पाने सोयीची. 98 केलीत तर कोऱ्या पानांचेही पैसे भराल. पाचशे प्रतींचा मोह नको. आमच्या पलंगाखाली अजून खोकी आहेत. आता मागणीनुसार पन्नास प्रतीही छापून मिळतात. नातेवाईक, सिनेगॉग, मित्रमंडळी मोजा, त्यावर थोड्या जास्त सांगा. लागल्या तर पुन्हा छापता येतात.

पाचवी गोष्ट, कायदा. लेखनाचा हक्क लिहिल्याक्षणी आपला होतो, नोंदणी लागत नाही. इस्राएलमध्ये तो लेखकाच्या मृत्यूनंतर 70 वर्षे टिकतो, भारतात 60. भारतात हा हक्क दुसऱ्याला द्यायचा तर करार लेखी लागतो, आणि मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरतात. म्हणून सही करण्याआधी मुदत आणि भाषा नीट वाचा, हिब्रू भाषांतराचा हक्क शक्यतो आपल्याकडेच ठेवा. पुस्तकावरचा आयएसबीएन क्रमांक भारतात राजा राममोहन रॉय यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था विनामूल्य देते. इस्राएलच्या क्रमांकात 978 नंतर 965 येते. छापून झाल्यावर दोन प्रती यरुशलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला द्याव्यात. आपले घर बदलेल, कपाट रिकामे होईल, पण तिथली प्रत राहील.

कोणी म्हणेल, मराठी वाचणारे उरलेच किती? आमचे उत्तर साधे आहे. पुण्यात 1874 साली मराठी हग्गादा छापली तेव्हाही आपण मूठभरच होतो. त्या काळी शाळेत शिकवणारे जोसेफ एझिकेल राजपूरकर हिब्रू प्रार्थनाग्रंथ मराठीत आणत होते. त्यांनी वाचक मोजले असते तर आपल्या आज्यांना प्रार्थनेचा अर्थ कळला नसता.

त्या चार वह्यांचे काय झाले, ते सांगायचे राहिले. नातीने प्रत्येक पानाचा फोटो काढला. आम्ही तिघे निवृत्त शिक्षक आठवड्यातून एकदा बसून ते वाचतो, ती टाईप करते आणि अडेल तिथे अर्थ विचारते. तिसरी वही चालू आहे. परवा तिने "घाणा" हा शब्द न विचारता वाचला.

तुमच्याही घरी वही असेल तर या शब्बाथनंतर ती बाहेर काढा. लिहिणारे माणूस अजून घरात असेल, तर त्याच्याशेजारी बसूनच वाचा.