अग्नीनें दिलेलें बळ

ॲल्युमिनियम म्हटलें कीं प्रथम आठवतें तें स्वयंपाकघरांतील पातेलें. हातांतून निसटलें कीं त्यास पोचा पडावयाचाच. असा मऊ धातु भरधांव मोटारीचा भार कसा तोलणार, अशी शंका कोणासही येईल. परंतु रांजणगांवच्या महागणपतीचें दर्शन घेऊन शिरूर-दौंडच्या वाटेनें सिद्धटेकास निघालेलें कुटुंब आज ज्या मोटारींत बसतें, तिचीं चाकें पुष्कळदां ह्याच धातूचीं असतात. त्याच रांजणगांवच्या औद्योगिक वसाहतींत मोटारी तयारही होतात. तेव्हां ह्या चाकांस बळ येतें कोठून व तें जातें कशानें, हें घरोघरीं ठाऊक असावें, असें आम्हांस वाटतें.

शुद्ध ॲल्युमिनियम मऊच. दुसरीं द्रव्यें थोडीं मिसळल्यानें तें कांहींसें कठीण होतें. पण खरें बळ येतें तें अग्निसंस्कारानें. हा शोध १९०६ सालीं जर्मनींत आल्फ्रेड व्हिल्म ह्यांस लागला. तांबें व मॅग्नेशियम मिसळलेलें ॲल्युमिनियम त्यांनीं तापवून एकदम थंड केलें, तेव्हां तें फारसें कठीण झालें नाहीं; परंतु कांहीं दिवस नुसतें पडून राहिल्यावर तेंच आपोआप कठीण झालेलें आढळलें. पुढें हा मिश्रधातु 'ड्युरॅल्युमिन' ह्या नांवानें प्रसिद्ध झाला व त्याचीं विमानें होऊं लागलीं.

आज प्रचारांत असलेला ६०६१ क्रमांकाचा मिश्रधातु घ्या. त्यांत शेंकडा सुमारें १ भाग मॅग्नेशियम, त्याहून कमी सिलिकॉन व किंचित् तांबें असतें. तो सुमारें ५३० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापवितात, लगेच पाण्यांत निववितात व मग सुमारें १७५ अंशांच्या मंद आंचेवर ८ तास ठेवतात. पाक करणाऱ्या गृहिणीस ह्यांतील मर्म चटकन् उमगेल. कढत पाण्यांत साखर अधिक विरघळते, तशींच हीं द्रव्यें तप्त धातूंत विरघळतात. एकदम निवविल्यानें त्यांस बाहेर पडण्यास अवसर मिळत नाहीं. मंद आंचेवर मात्र तीं अतिसूक्ष्म कणांच्या रूपानें धातुभर पसरतात. हे कण धातूचे थर एकमेकांवरून घसरूं देत नाहींत. त्यामुळें नरम स्थितींत चौरस मिलिमीटरास १२-१३ किलोंची ओढ सोसणारा धातु सुमारें ३१ किलोंची ओढ सोसूं लागतो. वजन मात्र पोलादाच्या सुमारें एक-तृतीयांश! सायकलींचे सांगाडेही ह्याचे करतात. मोटारीचीं ओतीव चाकें बहुधा शेंकडा ७ भाग सिलिकॉन व थोडें मॅग्नेशियम असलेल्या मिश्रधातूचीं असतात. त्यांवरही असाच संस्कार करतात.

परंतु जें बळ अग्नीनें दिलें, तें अग्नीच परत घेऊं शकतो. खड्ड्यांत आदळून चाकाची कड वांकली कीं गॅसच्या ज्योतीनें तापवून ती ठोकून सरळ करण्याचा मोह होतो. लोखंडाच्या बाबतींत लोहाराचा डोळा रंगावरून आंच ओळखतो. ॲल्युमिनियम मात्र तांबूस होऊन इशारा देत नाहीं. वितळण्याच्या घडीपर्यंत तें जवळजवळ तसेंच दिसतें. तेवढ्यांत आंतील सूक्ष्म कण एकत्र येऊन जाड होतात किंवा पुन्हां विरघळून जातात, व धातु नरम पडतो. वेल्डिंगच्या सांध्याशेजारींही हेंच घडतें. चाक गोल दिसतें, रंग दिल्यावर नवेंही भासतें; पण गेलेलें बळ डोळ्यांस दिसत नाहीं.

म्हणून वांकलेलें वा चिरलेलें चाक ज्योतीखालीं धरूं देऊं नये. तें बदलावें, हेंच उत्तम. नव्या चाकाची किंमत गृहखर्चाच्या वहींत जड वाटेल खरी. पण त्या चाकावर घरांतील लहानथोर सगळे बसावयाचे असतात, हें खर्च टाळणाऱ्यानें विसरूं नये.