मोटारीचा सौदा आणि दप्तरातील खातरजमा

छत्रपती संभाजीनगरच्या उस्मानपुऱ्यात परिचयातील कोणी मोटार घेण्याचा मनोदय बोलून दाखविला, की मला ऑक्टोबर २०१० चे स्मरण होते, जेव्हा या शहरातील उद्योजक, डॉक्टर, व्यापारी अशा मंडळींनी एकत्र येऊन, एकमुखाने घासाघीस करून, सुमारे ६५ कोटी रुपयांच्या १५० मर्सिडीज एकाच दिवशी खरेदी केल्या आणि त्या रकमेपैकी ४० कोटींहून अधिक स्टेट बँकेने सात टक्के व्याजाने कर्जाऊ दिली. त्या भपक्यापेक्षा मला मोलाची वाटते ती त्यातील उघड बोलणी. एकट्या गिऱ्हाइकाला एकजुटीचे असे बळ क्वचितच लाभते.

जुन्या गाडीच्या व्यवहारात तर गिऱ्हाईक सर्वस्वी विक्रेत्याच्या शब्दावर अवलंबून असते. म्हणूनच १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेला केंद्राचा नियम मला अत्यंत स्वागतार्ह वाटतो: जुन्या वाहनांच्या विक्रेत्याने परिवहन खात्याकडून अधिकारपत्र घ्यावयाचे, आणि मालकाने गाडी त्याच्या हवाली करताच ‘नमुना २९-सी’ मध्ये नोंदणी अधिकाऱ्यास वर्दी द्यावयाची, जेणेकरून मधल्या काळातील अपघात वा दंड मूळ मालकाच्या माथी येऊ नये.

तेव्हा विक्रेत्याजवळ ते अधिकारपत्र निःसंकोच मागा, नोंदणी दाखल्यावरील निर्मितीचा महिना पाहा, चासी क्रमांक स्वतः ताडून घ्या, आणि बोजा चढलेला असल्यास बँकेचा ना-हरकत दाखला हाती येईपर्यंत पूर्ण रक्कम अदा करू नका. सचोटीचा विक्रेता या चौकशीने रुष्ट होत नाही. तो स्वतःच कागद पुढे सरकवितो.