डॉक्टर, सुई टोचा!

बाजाराच्या दिवशी दवाखान्यापुढे गर्दी असते. तिथे जरा वेळ उभे राहा. जो तो एकच गोष्ट सांगत असतो, "डॉक्टर, गोळ्या नकोत. एक सुई टोचा, म्हंजे मोकळा होतो." डॉक्टरने सुई टोचली नाही, तर तो डॉक्टरच कच्चा! एका आजींनी तर आम्हांला ऐकवले, "बिनसुईचं औषध म्हंजे बिनमिठाची भाकर."

आम्हांला हसू आले. पण सुईवर एवढा विश्वास ठेवावा का? ते आज आपण नीट पाहू.

आपले कातडे म्हणजे शरीराचे गावकूस. बाहेरचे जंतू आत शिरू नयेत म्हणून ही भिंत आहे. तोंड ही वेस. गोळी वेशीतून रीतसर आत जाते आणि पोटातून हळूहळू रक्तात मिसळते. सुई वेशीतून येत नाही. ती भिंतीला भोक पाडते आणि औषध थेट आत सोडते. म्हणून ते लवकर लागू पडते. पण सुई घाण असेल तर घाणही त्याच वाटेने आत जाते. तिला अडवायला मध्ये कोणी नसते.

मग सुई हवी कधी? काही औषधे पोटात गेली की तिथेच पचून जातात. मधुमेहावरचे इन्सुलिन तसे आहे. ते गिळून उपयोग नाही. साप चावला तर विषावरचे औषध शिरेतूनच द्यावे लागते. उलट्या थांबत नसतील, माणूस बेशुद्ध असेल, तर गोळी देणार कशी? अशा वेळी सुई हवीच. साध्या सर्दी-पडशाला मात्र सुई नको. सर्दी सुईने जात नाही, ती चार-आठ दिवसांत आपणहून जाते. त्याच दिवसांत सुई घेतलेली असली, की नाव सुईचे होते.

सलाईनचेही तसेच. "बाटली चढवली अन् अंगात ताकद आली," असे लोक म्हणतात. त्या बाटलीत असते काय? पाणी आणि मीठ. अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचा एक चमचासुद्धा भरत नाही. जुलाबाने अंगातले पाणी फार गेले आणि तोंडाने पाणी पोटात ठरेना, तर हीच बाटली जीव वाचवते. पण नुसत्या थकव्यासाठी तिचे पैसे मोजणे म्हणजे मिठाचे पाणी सोन्याच्या भावाने घेणे.

सुई कुठे टोचायची, हे औषधावर ठरते. बाळ जन्मले की क्षयाविरुद्ध बीसीजीची लस डाव्या दंडावर, अगदी कातडीच्या आत देतात. तिथे पुढे फोड येतो, तो फुटतो आणि वण राहतो. त्याला हळद-चुना लावू नका, तो आपोआप सुकतो. इन्सुलिन कातडीच्या खालच्या चरबीत देतात. धनुर्वाताची सुई दंडाच्या स्नायूत सरळ जाते. तान्ह्या मुलांना मांडीच्या बाहेरच्या बाजूला टोचतात, कुल्ल्यावर नाही. कुल्ल्यातून पायाकडे एक जाड नस जाते. तिला सुई लागली तर पाय अधू होऊ शकतो. मोठ्या माणसाला कुल्ल्यावर द्यायचीच झाली, तर वरच्या आणि बाहेरच्या भागात देतात. लस टोचल्यावर ती जागा चोळू नये. आपल्याकडे आई लगेच चोळू लागते. माया असते, पण नको.

आता मुख्य गोष्ट. पूर्वी पिचकारी काचेची असे. ती स्टोव्हवर उकळून पुन्हा वापरीत. गर्दीच्या दिवशी ती पुरती उकळली की नाही, हे कोण पाहणार? आताची पिचकारी प्लास्टिकची आहे. ती एकदाच वापरायची. गरम पाण्याने धुऊन ती शुद्ध होत नाही. एकाच्या अंगात गेलेली सुई दुसऱ्याला टोचली, तर पहिल्याचे रक्त डोळ्यांना दिसणार नाही एवढे का होईना, दुसऱ्याच्या अंगात जाते. त्यातून हिपॅटायटिस बी आणि सी या काविळी आणि एड्सचे विषाणू पसरतात. २००९ साली गुजरातेत मोडासा भागात असेच झाले. वापरलेल्या सुया पुन्हा वापरल्या गेल्या, कावीळ पसरली आणि अनेक माणसे दगावली. ती माणसे दवाखान्यात बरी व्हायलाच गेली होती.

म्हणून पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगा. "सिस्टर, नवी सुई माझ्यासमोर काढा," एवढे म्हणायला लाजू नका. पाकिटावर मुदतीचा महिना आणि वर्ष छापलेले असते. आकडे इंग्रजी असतात, पण ते तुम्हांला आता वाचता येतात. सरकारी लसीकरणात अशी पिचकारी वापरतात, की दट्ट्या एकदा दाबला की अडकून बसतो. मग ती पुन्हा भरताच येत नाही. उकिरड्यावर पडलेल्या सुया मुले खेळायला आणतात. त्या हिसकावू नका, झटापटीत कोणाला तरी टोचेल. खाली ठेवायला सांगा आणि आरोग्य केंद्रात कळवा.

एक गंमत पाहा. सर्दीला सुई मागणारा माणूस कुत्रे चावल्यावर मात्र दडून बसतो! "पोटात चौदा सुया घ्याव्या लागतात," हे त्याने आजोबांकडून ऐकलेले असते. ती जुनी लस २००५ सालापासून आपल्या देशात वापरत नाहीत. आता दंडावर टोचतात. कुत्रे चावले की जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा. मिरची, तेल, चुना काही भरू नका. लगेच सरकारी दवाखाना गाठा. रक्त आले असेल तर जखमेभोवती आणखी एक औषध टोचतात. पहिली सुई त्याच दिवशी. पुढच्या तिथून ३ऱ्या, ७व्या आणि २८व्या दिवशी. स्नायूत देत असतील तर १४व्या दिवशीही. जखम भरली म्हणून मधली सुई चुकवू नका. पिसाळीची लक्षणे एकदा दिसली की माणूस वाचत नाही. नर्सबाई तारखा कागदावर लिहून देतात. घरी आल्यावर भिंतीवरच्या कॅलेंडरावर त्या तारखांभोवती आपल्या हाताने गोल काढून ठेवा.