घसरणारा समुद्रतळ

त्सुनामी म्हटली की मोठा भूकंप आणि मोठा भूकंप म्हटला की सागरी गर्ता, असे समीकरण सामान्यतः मांडले जाते, व ते बहुतांशी खरेही आहे. एक भूपट्ट दुसऱ्याखाली शिरतो तेथे समुद्रतळाला जी लांबट, अतिखोल खाच पडते तिला गर्ता म्हणतात. दोन पट्टांमध्ये साचलेला ताण एकाएकी सुटला की वरच्या पट्टाची कड उसळते आणि तिच्यावरचे सारे पाणी उचलले जाते. मात्र या समीकरणात एक घटक गृहीत धरलेला नसतो, तो म्हणजे समुद्रबूड जमिनीच्या कडेवर व तिच्यापुढील खंडान्त उतारावर हजारो वर्षे साचत आलेला गाळ.

या गाळाच्या सामर्थ्याची साक्ष तारायंत्राच्या केबलांनी दिली. १८ नोव्हेंबर १९२९ रोजी न्यूफाउंडलंडच्या दक्षिणेस, ग्रँड बँक्सच्या कडेला ७.२ तीव्रतेचा भूकंप झाला, त्यानंतर सुमारे अडीच तासांनी बुरिन द्वीपकल्पावर लाटा आदळल्या, आणि अटलांटिकच्या तळाशी टाकलेल्या बारा केबल तुटल्या. केंद्राजवळच्या केबल तत्काळ तुटल्या होत्या, परंतु खोल समुद्रातील केबल उताराच्या दिशेने एकामागून एक, पुढील तेरा तासांत तुटत गेल्या. संदेश कोणत्या मिनिटाला थांबला याची नोंद असल्याने १९५२ मध्ये ब्रूस हीझेन आणि मॉरिस यूइंग यांना अंतर व वेळ यांचा मेळ घालता आला, आणि घसरलेला गाळ पाण्यात मिसळून जड, गढूळ प्रवाहाच्या रूपाने तळावरून शेकडो किलोमीटर धावला, हे त्यांनी दाखवून दिले. समुद्रविज्ञानाला इतका नेमका प्रयोग निसर्गाने क्वचितच करून दिला असेल.

तरीही संशोधकांचे लक्ष या विषयाकडे खऱ्या अर्थाने वळले ते पापुआ न्यू गिनीतील दुर्घटनेमुळे. १७ जुलै १९९८ रोजी तेथील उत्तर किनाऱ्याजवळ ७.० तीव्रतेचा भूकंप झाला. एवढ्या भूकंपाने फार मोठी लाट उठू नये, पण सिस्सानो खाजणाच्या परिसरात पाणी सुमारे १५ मीटरपर्यंत चढले आणि दोन हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. विध्वंस मात्र किनाऱ्याच्या अगदी मर्यादित पट्ट्यातच एकवटलेला होता. पुढील वर्षी जपानी संशोधन जहाजांनी तळाची मोजणी केली तेव्हा उतारावर अर्धगोलाकार खोबण आणि खाली घसरलेला गाळाचा प्रचंड गठ्ठा आढळला. दूरवरच्या वेक बेटाजवळील पाण्याखालच्या ध्वनिग्राहकांनीही मुख्य धक्क्यानंतर सुमारे तेरा मिनिटांनी उमटलेला एक वेगळा आवाज टिपला होता, आणि तो याच घसरणीचा असल्याचे विश्लेषणातून पुढे आले. भूस्खलनाने उठणाऱ्या लाटांची लांबी कमी असते, त्यामुळे त्या जवळच्या किनाऱ्यावर उग्र असतात आणि दूर जाताना लवकर विरतात. मर्यादित पट्ट्याचे कोडे त्यातून सुटले.

गर्तेचे महत्त्व त्यामुळे कमी होत नाही. गर्तेलगतचा मऊ गाळ ताण साठवत नाही, हळूहळू सरकत राहतो, ही समजूत ११ मार्च २०११ च्या जपानमधील भूकंपाने मोडीत काढली, कारण तेथे गर्तेजवळचा तळ सुमारे ५० मीटर सरकला. पुढच्या वर्षी ‘चिक्यू’ या जहाजाने सुमारे ६,९०० मीटर खोल पाण्याखाली तळात विंधण घेतले असता पट्टांमधला भेग-थर पाच मीटरहूनही पातळ आणि अत्यंत निसरड्या मातीचा निघाला. तरीसुद्धा सान्रिकू किनाऱ्याच्या उत्तर भागात पाणी सुमारे ४० मीटर का चढले, हे केवळ पट्टाच्या सरकण्याने उलगडते की भूस्खलनाचीही जोड होती, यावर संशोधकांमध्ये अद्याप एकमत नाही.

हा वाद कोकणकिनाऱ्यालाही परका नाही. नोव्हेंबर १९४५ मध्ये मकरान किनाऱ्याजवळ सुमारे ८.१ तीव्रतेचा भूकंप झाला, त्याची त्सुनामी मुंबईपर्यंत पोहोचली. मकरान किनाऱ्यावरच्याच पस्नी येथे मात्र मोठी लाट भूकंपानंतर बऱ्याच उशिरा आली, म्हणून काही अभ्यासकांना तेथेही भूस्खलनाचा संशय आहे. हैदराबादच्या भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्रातून २००७ पासून त्सुनामीचा इशारा दिला जातो. भूकंपमापकांची नोंद काही मिनिटांत हाती येते, परंतु तिच्यावरून गाळ घसरला की नाही हे कळत नाही. त्यासाठी तळाशी बसवलेल्या दाबमापकांनी लाट प्रत्यक्ष टिपेपर्यंत थांबावे लागते, आणि लाट पोहोचायला काही तास लागणाऱ्या मुंबईला तेवढी सवड मिळते, पस्नीसारख्या गावाला मिळेलच असे नाही.