करंगळीवरची खूण

मुलांनो, पोलिओ रविवारी धाकट्या भावंडाच्या डाव्या करंगळीवर काळ्या पेनची खूण पाहिलीय ना? आमच्या वणीत बूथवर बसून मीही अशा खुणा केल्यात. तेव्हा दुसरीतल्या एका पोरानं विचारलं होतं, "गुरुजी, तुम्ही इथं काऊन बसले?" बरोबरच आहे. डोस दवाखान्याचा, मग मास्तरांचं काय काम?

उत्तर थोडं लांबून सुरू होतं. १९८८ साली जगात वर्षाला सुमारे साडेतीन लाख मुलं पोलिओनं लुळी पडत. त्या वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेत सगळ्या देशांनी हा रोग घालवायचं ठरवलं. सोबतीला युनिसेफ, रोटरी आणि अमेरिकेचं रोग नियंत्रण केंद्र आलं. पण बाहेरच्या संस्थेला आपल्या देशात येऊन परस्पर डोस पाजता येत नाहीत बरं का! घर आपलं, तर कारभारही आपलाच. ९ डिसेंबर १९९५ रोजी भारत सरकारनं देशभर पहिला पल्स पोलिओ दिवस घेतला. एवढी बाळं, एकाच दिवशी! नुसत्या नर्सताई कुठं पुरणार? म्हणून अंगणवाडीताई आल्या, शिक्षक आले.

कामं वाटलेली होती. माणसं, बूथ, गाड्या सरकारच्या. पुढं तर खर्चाचा मोठा भारही सरकारनंच उचलला. रोटरीनं पैसा आणि स्वयंसेवक दिले. डोसाला घाबरणाऱ्या आईबापांची समजूत घालायला युनिसेफची मदत झाली.

जागतिक आरोग्य संघटनेकडे मात्र गुप्तहेराचं काम! १९९७ पासून तिचे डॉक्टर सरकारी डॉक्टरांबरोबर पाळत ठेवू लागले. पंधरा वर्षांखालच्या कुठल्याही मुलाचा हात-पाय अचानक लुळा पडला, की लगेच कळवायचं. मग त्याच्या शौचाचे दोन नमुने, किमान एक दिवसाच्या अंतरानं घेतलेले, बर्फात ठेवून प्रयोगशाळेत पाठवायचे. हसू नका! विषाणू तिथंच सापडतो. आपल्या राज्यातली अशी प्रयोगशाळा मुंबईत परळला आहे.

लसीच्या बाटलीवरही एक पहारेकरी असतो. गोलाच्या आत छोटा चौकोन. लसीला उष्णता लागली की चौकोन काळवंडत जातो. तो गोलाइतका काळा झाला, की बाटली बाद.

तरी २००९ साली देशात ७४१ मुलांना पोलिओ झालाच, बहुतेक उत्तर प्रदेश आणि बिहारात. तिथून मजूर वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर दूरदूर जातात. त्यांची बाळं कुठल्याच गावच्या यादीत नसत. म्हणून त्यांच्या वेगळ्या याद्या केल्या.

चूकही होते. ३१ जानेवारी २०२१ रोजी आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यात, १२ बाळांना डोसाऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं. बाळं वाचली. पण हजारो मैलांचं नियोजन शेवटी एका हातातल्या बाटलीशी येऊन थांबतं, हे मला तेव्हा कळलं. तेव्हापासून मी बाटली दोनदा वाचतो.

देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ चा, पश्चिम बंगालात हावड्याकडची एक चिमुरडी. २७ मार्च २०१४ रोजी भारतासह अकरा देशांचा आपला विभाग पोलिओमुक्त ठरला. पाकिस्तान, अफगाणिस्तानात विषाणू अजून आहे, म्हणून आपले डोस चालूच.

त्या पोराला मी एवढं सगळं कुठून सांगणार? म्हटलं, "तुझ्या बहिणीची करंगळी मोजायला बसलोय." तो घरी पळाला आणि बहिणीला कडेवर घेऊन आला.